म्हैस मेल्यानंतरचे बारा तास

भिवंडी, कल्याण, ठाणे या पट्ट्यातल्या एखाद्या तबेल्यात म्हैस मेली, की मालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हे धूड हलवायचं कसं हा. चार-पाचशे किलो वजन आणि वर आपल्याकडची दमट हवा. रात्रीत पोट फुगतं, दुसऱ्या दिवशी वास सुटतो. शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेला कळवून गाडी बोलवायची; हद्दीबाहेर, वाडा-शहापूरच्या बाजूला असेल तर टेम्पोत घालून किंवा ट्रॅक्टरमागे बांधून माळावर नाहीतर ओढ्याकाठी नेऊन टाकायचं. हे टाकणं नवं नाही. पन्नास वर्षांपूर्वीही मेलेली गुरं गावाबाहेर अशीच टाकली जात. तेव्हा थोड्याच वेळात वर गिधाडं घिरट्या घालू लागत आणि दिवस मावळायच्या आत सांगाडा उरे. आज तिथे कुत्री, कावळे आणि घारी जमतात, आणि ते धूड कित्येक दिवस तसंच कुजत पडलेलं असतं.

यात एक कोडं आहे. गुरं मरायची थांबलेली नाहीत, म्हणजे देशाच्या पातळीवर गिधाडांच्या अन्नाचा तुटवडा पडलेला नाही. ज्या औषधाने गिधाडं मेली, त्याचा जनावरांसाठीचा वापर सरकारने २००६ मध्येच बंद केला. अन्न आहे, विषावर बंदी आहे, मग गिधाडं परतत का नाहीत? याचं उत्तर आकाशात शोधण्याआधी त्या धुडापाशी शोधायला हवं. मेलेल्या जनावराच्या अंगात काय उरलं आहे, ते कोणत्या वेळी आणि कसल्या जागेवर टाकलं जातं, आणि त्याच्यापर्यंत आधी कोण पोचतं, या तीन गोष्टी जनावर मेल्यानंतरच्या दहा-बारा तासांत ठरून जातात. त्यांवरच गिधाडांचं भवितव्य ठरतं. पहिल्या गोष्टीसाठी कायदे झाले. उरलेल्या दोन गोष्टींकडे महाराष्ट्रातल्या मोजक्याच गावांनी लक्ष दिलं आहे.

हजारातलं एक

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वाधिक संख्येचा पक्षी होता. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे दर हजारामागे एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडांत ही घट सुमारे ९७ टक्के होती. इतकी वेगवान घसरण पक्ष्यांच्या नोंदींमध्ये क्वचितच सापडते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही घट नोंदवली, तेव्हा संशय आधी एखाद्या विषाणूवर होता. खरा अपराधी २००४ मध्ये सापडला. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं नाव पुढे आलं. माणसांच्या सांधेदुखीवरचं हेच औषध नव्वदच्या दशकात स्वस्त झालं आणि गोठ्यागोठ्यात पोचलं होतं.

हे औषध गिधाडाला मारतं कसं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. माणसाच्या शरीरातला नत्राचा कचरा युरियाच्या रूपात लघवीवाटे पातळ होऊन जातो. पक्षी पाणी वाचवतात. त्यांची मूत्रपिंडं हा कचरा युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. डायक्लोफेनॅक गिधाडाच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी निकामी करतं. कचरा बाहेर पडायचा थांबतो आणि रक्तात युरिक आम्ल साठत जातं. ते रक्तात मावेनासं झालं की स्फटिक होऊन अवयवांवर बसतं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट डोळ्यांपुढे आणता येईल. शवविच्छेदनात गिधाडाच्या यकृतावर आणि हृदयाच्या वेष्टनावर असाच खडूसारखा लेप दिसतो. औषध पोटात गेल्यापासून काही दिवसांत पक्षी मरतो.

एखाद-दुसऱ्या म्हशीला दिलेल्या इंजेक्शनाने अख्खी जात कशी संपेल, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. संशोधकांनी गणित मांडलं तेव्हा दिसलं, की एवढी घसरण व्हायला शंभरांतलं एक मढंसुद्धा दूषित असण्याची गरज नाही. धरून चालू, की दोनशे मढ्यांपैकी एकात मारक मात्रेचं औषध आहे आणि गिधाड सरासरी तीन दिवसांनी पोटभर खातं. म्हणजे वर्षाला साधारण १२० जेवणं. प्रत्येक जेवणात वाचण्याची शक्यता ९९.५ टक्के असली, तरी वर्षभर वाचण्याची शक्यता उरते जेमतेम ५५ टक्के. त्यात एकाच धुडावर पन्नास-साठ पक्षी जेवतात, म्हणजे एक म्हैस पन्नासांना पुरते. आणि हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, पिल्लू पाच-सहा वर्षांनी वयात येतं. एवढ्या संथ जन्मदराला एवढा मृत्युदर कधीच भरून काढता येत नाही.

२००६ च्या बंदीनंतरही पळवाट उरली होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही ३ मिलिलीटरपेक्षा मोठी बनवायला मनाई झाली, म्हणजे म्हशीएवढ्या जनावराला एका वेळी अनेक कुप्या फोडाव्या लागाव्यात. दुसरी पळवाट तशाच इतर वेदनाशामकांची होती. त्यांतल्या ॲसिक्लोफेनॅकचं जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं, निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. मधली सतरा-अठरा वर्षं एक दार बंद करत दुसरं उघडं ठेवण्यात गेली. 'औषध केव्हाच बंद झालं आहे' हे विधान म्हणून अर्धंच खरं आहे.

या घसरणीची मुंबई परिसरातली सर्वांत ठळक खूण मलबार हिलच्या डुंगरवाडीत आहे. पारशी समाजाच्या, मृतदेह ठेवण्याच्या दोखम्यांवर पिढ्यान्पिढ्या गिधाडं उतरत. ती नाहीशी झाल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या आरशांची सोय करावी लागली. पक्षीगृह बांधून गिधाडं पाळावीत, असाही विचार झाला. पण माणसांच्या उपचारांतही डायक्लोफेनॅक सर्रास असल्याने अडचण तिथेही तीच होती.

आधी पोचण्याची शर्यत

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीकडे. आपल्याकडची गिधाडं अन्न शोधतात ती डोळ्यांनी, वासाने नव्हे. जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागले की त्यांवर पंख पसरून ती उंच जातात. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास आणि वजन पाच किलोच्या घरात. एवढं शरीर पंख मारत दिवसभर हवेत ठेवणं त्यांना परवडत नाही. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत ती कड्यावर किंवा झाडावर बसूनच असतात. वर गेल्यावर प्रत्येक पक्षी खालची जमीन पाहतो आणि दूरवरच्या दुसऱ्या गिधाडावरही नजर ठेवतो. एकाने खाली झेप घेतली की शेजारचा तिकडे वळतो, त्याला पाहून तिसरा. असं करत अर्ध्या तासात वीस-पंचवीस किलोमीटरवरचे पक्षी एका धुडावर जमू शकतात.

या व्यवस्थेचं मर्म संख्येत आहे. पक्षी इतके विरळ झाले की एकाला दुसरा दिसेनासा झाला, तर हा निरोप पुढे जातच नाही. शंभर गिधाडं असताना दहाव्या मिनिटाला सापडणारी म्हैस पाच गिधाडं उरल्यावर वीसपट उशिराने नव्हे, कित्येकदा सापडतच नाही. गिधाडं कमी झाली म्हणून अन्न सापडेना आणि अन्न सापडेना म्हणून ती आणखी मागे पडली, असा हा फास आहे. औषध पूर्ण थांबलं तरी तो आपोआप सैल होत नाही.

कुत्र्याचं सगळं याच्या उलट आहे. त्याला वास येतो, तो रात्री फिरतो, वस्तीपासून दूर नसतो आणि ऊन तापायची वाट पाहत नाही. तबेल्यात म्हैस रात्री किंवा पहाटे मेली आणि गाडी संध्याकाळी आली, तर धूड टाकलं जातं अंधार पडता पडता. गिधाडांचा दिवस तेव्हा संपलेला असतो. पुढचे बारा तास ती जागा कुत्र्यांची असते आणि सकाळी दहाला गिधाड वरून पाहतं तेव्हा टोळी त्या जागेची मालक झालेली असते. तेच धूड सकाळी नऊला टाकलं, तर चित्र पालटतं. निव्वळ वेळ बदलल्याने शर्यतीचा निकाल बदलतो, आणि हा बदल करायला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.

जागेवर समोरासमोर आल्यावर काय होतं, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. गिधाडाची चोच मांस ओढायला उत्तम, पण म्हशीचं जाड कातडं फाडणं तिला जड जातं. ती डोळे, जीभ, गुदद्वार अशा मऊ जागांपासून सुरुवात करते आणि तिथून लांब, जवळजवळ पिसं नसलेली मान आत घालते. कातडं आधीच सोललेलं असलं तर काम झपाट्याने होतं. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं ढोर बहुधा सोललेलंच असे. पोट भरलेलं गिधाड जागेवरून सरळ वर उडू शकत नाही, त्याला उड्या मारत धावायला मोकळी जमीन लागते. टोळीतल्या कुत्र्याला हे ठाऊक असतं. पन्नास गिधाडांचा थवा दोन-तीन कुत्र्यांना बाजूला ठेवून काम उरकतो, पण तीन गिधाडं आणि दहा कुत्री असतील तर गिधाडं दूर झाडावर बसून राहतात आणि उपाशी परततात. राजस्थानात बिकानेरजवळच्या जोडबीडला देशातली गुरं टाकण्याची फार मोठी जागा आहे. हिवाळ्यात तिथे हजारोंनी गिधाडं येतात आणि तिथेही कुत्र्यांच्या टोळ्या हीच त्यांची रोजची डोकेदुखी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गिधाडं संपली ती कुत्र्यांमुळे नव्हे, औषधामुळे. कुत्र्यांनी मोकळी झालेली जागा घेतली. पण घेतलेली जागा ती आता सोडत नाहीत, आणि म्हणून आज परतीच्या वाटेवर ती अडसर झाली आहेत. जबाबदारी कुत्र्यांवर टाकण्यात काही अर्थ नाही; उघड्यावर अन्न ठेवणारे आपण आहोत.

कुत्री साफ करतातच की

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. मांस कोणीतरी खाल्लं म्हणजे झालं. पक्ष्याने खाल्लं काय नि कुत्र्याने काय? केनियात याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे. गिधाडं ज्या मढ्यांवर येत नव्हती, ती संपायला जवळजवळ तिप्पट वेळ लागला. तिथे येणाऱ्या सस्तन प्राण्यांची संख्या आणि त्यांचा तिथला वेळ, दोन्हीही तिपटीने वाढले. वेगवेगळे प्राणी एकाच कुजत्या मांसाशी जास्त वेळ एकत्र राहिले, म्हणजे एकमेकांचे रोग घ्यायची संधीही वाढली. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. शिवाय गिधाड खाऊन झाल्यावर कड्यावर परत जातं. कुत्रं वस्तीत परत येतं.

मुख्य फरक मात्र त्याहून मोठा आहे. गिधाडांना कितीही खायला मिळालं तरी वर्षाला एकच पिल्लू. कुत्रीला भरपूर खायला मिळालं की ती वर्षातून दोनदा विते. त्यामुळे उघड्यावरच्या मढ्यांचं रूपांतर सरळ कुत्र्यांच्या संख्येत होतं. अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अंदाज मांडला, की गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात ५० लाखांहून जास्त कुत्री वाढली आणि रेबीजने सुमारे ४७,००० जास्तीचे मृत्यू झाले. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आणखी व्यापक गणित प्रसिद्ध केलं. पूर्वी जिथे गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे यांची, औषध स्वस्त होण्याआधीची आणि नंतरची मृत्युसंख्या त्यांनी तपासली. २००० ते २००५ या काळात साधारण पाच लाख जास्तीचे मृत्यू, हा त्यांचा निष्कर्ष. ही संख्याशास्त्रीय अनुमानं आहेत, प्रत्येक मृत्यूची चौकशी करून काढलेले आकडे नव्हेत. पण दोन वेगळ्या पद्धतींनी मोजूनही दिशा तीच येते, याला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात या साखळीला आणखी एक कडी आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. कुत्री जिथे जमतात तिथे बिबट्या का येतो, याचं कोडं उरू नये. मढ्यांची व्यवस्था आणि वस्तीतला बिबट्या हे दोन विषय आपल्याकडे दोन वेगळ्या खात्यांच्या फायलींत असतात. जमिनीवर ते एकाच ठिकाणी भेटतात.

खोरीपाडा, फणसाड आणि मध्ये भिवंडी

महाराष्ट्रात गिधाडं उरली आहेत ती तुकड्यातुकड्यांनी. नाशिककडे अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनविभागाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागा केली. वर्तमानपत्रांनी तिला 'गिधाड रेस्टॉरंट' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. दक्षिणेला रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून आहेत. तिथे महाडच्या 'सीस्केप' या संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री यांनी गावकऱ्यांच्या साथीने अनेक वर्षं काम केलं. रत्नागिरीत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी घरट्यांची राखण केली. कोकणात ही घरटी पुष्कळदा नारळाच्या माडावर असतात, म्हणजे माडवाल्यालाही सोबत घ्यावं लागतं. मुरूड-रोह्याच्या मधल्या फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीतही अन्नपुरवठ्याच्या जागा केल्या गेल्या. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं पेंच आणि ताडोबात आणून सोडण्यात आली. त्यातलं ताडोबाचं एक उपग्रह टॅगवालं गिधाड थेट तामिळनाडूपर्यंत पोचलं.

हा शेवटचा तपशील डोक्यात ठेवून नकाशा पाहावा. भिवंडीपासून अंजनेरी सरळ रेषेत ८५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि फणसाड शंभराच्या आत. गिधाड एका दिवसात एवढं अंतर सहज कापतं. भिवंडीत आज गिधाडं नाहीत, पण उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अशा दोन्ही तुकड्यांच्या उड्डाणाच्या टप्प्यात ती आहे. मुंबईला दूध पुरवणारे तबेले याच पट्ट्यात आहेत. औषधांचे साठेही भिवंडीच्या गोदामांतूनच आजूबाजूच्या जिल्ह्यांत जातात. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र ठरवताना साधारण शंभर किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश औषधमुक्त असावा, असा नियम मानतात. तो नाशिक आणि रायगडला लावला तर दोन्ही वर्तुळं भिवंडीच्या आसपास येऊन टेकतात. घरटी असलेल्या गावांनी जे करायचं ते केलं तरी मधला हा पट्टा मोकळा राहिला, तर त्यांचे कष्ट वाया जाऊ शकतात. पाकिस्तानातल्या पंजाबात हे दिसलं आहे. टोआवाला इथे गिधाडांना औषधमुक्त मांस पुरवलं तेव्हा मृत्यू कमी झाले, पण थांबले नाहीत, कारण पक्षी इतरत्रही जेवत होते.

चौकट: तबेल्याच्या भिंतीवर लावावं असं
म्हैस बसली, कासदाह झाला, ताप आला तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागावं; ते गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालेलं आहे. टोल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन आणि निमेसुलाइड जनावराला देणं बेकायदा आहे. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनाचं नाव आणि तारीख वहीत लिहावी. डायक्लोफेनॅक दिल्यावर साधारण ३ दिवसांच्या आत जनावर दगावलं, तर त्याचं मांस गिधाडाला मारक ठरू शकतं. ते खोल पुरावं किंवा जाळावं. नाका-तोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं जनावर फाशीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेलं असू शकतं; ते कोणीही फाडू नये, पशुवैद्यकाला कळवावं. कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी मढ्यावर विष टाकणं हा गुन्हा आहे आणि त्यात गिधाडं सर्वांत आधी मरतात.

सरळ पुरूनच टाकलं तर?

हा दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. शहरात तर उत्तर तेच आहे. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या दाट वस्तीत उघड्यावर मढी ठेवण्याची सूचना कोणी करू नये. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापायला आणि मढी टाकायला मनाई आहे, तीही योग्यच. मोठा पक्षी इंजिनात शिरणं ही जिवावरची गोष्ट असते. नवी मुंबईचा विमानतळ आल्यावर हा विचार आणखी काटेकोर व्हायला हवा. शहराचं मढं जाळावं किंवा नीट पुरावं. मात्र नीट याचा अर्थ कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल. अर्धवट पुरलेलं धूड ही कुत्र्यांची सोय असते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हातभर खणलं तरी खड्ड्यात पाणी लागतं. मांसाच्या दुकानांचा टाकाऊ माल उघड्यावर पडत राहिला तर मढी पुरूनही फरक पडणार नाही, हेही त्याच हिशेबात धरावं लागेल. निर्बीजीकरण गरजेचं आहेच, पण ताट वाढलेलं ठेवून ते एकटं पुरं पडत नाही.

शहराबाहेर मात्र प्रत्येक धूड पुरणं म्हणजे गिधाडांच्या तोंडचा घास मातीत घालणं. कोकणात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, गुरं पाळणारी घरं घटली. देशभरात अन्न मुबलक असलं तरी एखाद्या घरट्याच्या आसपास ते नसू शकतं. ठाणे, पालघर आणि नाशिकच्या सीमेवरच्या तालुक्यांत, म्हणजे शहापूर, वाडा, जव्हार, मोखाडा या बाजूला, औषध न दिलेल्या मृत जनावरांसाठी ठरलेली मोकळी जागा असली तर ती पक्ष्यांच्या कामी येईल. अशी जागा कशी असावी, हे वरच्या शर्यतीवरूनच ठरतं. जवळ विजेच्या तारा नकोत. धावून उडता येईल एवढी मोकळी किंवा उताराची जमीन हवी. कुत्र्यांना वरून उडी मारता येणार नाही आणि खालून उकरता येणार नाही असं कुंपण हवं. पण ते इतक्या लहान घेराचं नको, की पोट भरलेलं गिधाडच आत अडकेल. जवळ पाणी असलं तर उत्तम, खाऊन झाल्यावर गिधाडं अंघोळ करतात. आणि धूड ठेवायचं ते सकाळी.

यावर कोणी म्हणेल, की जंगली पक्ष्याला ताटात वाढून आपण त्याला परावलंबी करतो. आफ्रिकेच्या कुरणांवर हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. भारतातली गिधाडं मात्र शतकानुशतकं माणसाच्या गुरांवरच जगली. त्यांची संख्या एवढी मोठी होण्याचं कारणच ते होतं. त्यांना आज वाढायचं ते वेगळं काही नाही, पूर्वी मिळत होतं तेच.

ओढणार कोण?

तिसरा प्रश्न महाराष्ट्रात बाजूला ठेवून चालणार नाही. पूर्वी गिधाडांचं पोट भरत होतं, त्यामागे गावाबाहेर ढोर ओढून नेणारी, ते सोलणारी माणसं होती आणि ते काम जातीने त्यांच्यावर लादलेलं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. ढोर ओढण्याचं काम नाकारणं हा पुढे माणुसकीच्या लढ्याचा भाग झाला. गिधाडं आज जिथे टिकून आहेत त्या म्हसळ्यापासून महाड फार लांब नाही. संवर्धनाच्या नावाखाली ती जुनी व्यवस्था मागच्या दाराने परत आणायची असेल, तर असं संवर्धन नको.

पण तसं होण्याचं कारणही नाही. धूड उचलायला आज यांत्रिक हात असलेली गाडी मिळते. कामाला ठेकापत्र असतं, त्यात हातमोजे, गमबूट, लसीकरण, ठरलेला पगार हे सगळं लिहिता येतं, आणि काम कोणत्याही जातीच्या माणसाला करता येतं. राज्यात गायींच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, म्हणजे म्हातारी होऊन मरणारी जनावरंही गावोगाव असणार. त्यांची व्यवस्था कोणालातरी करावीच लागणार आहे. आज ती रात्रीच्या अंधारात, ओढ्याच्या काठाला आणि कोणाच्याही नोंदीशिवाय होते. स्थानिक संस्थेच्या ठेक्यात चार अटी घातल्या तर चित्र बदलेल: मालकाकडची औषधांची वही पाहायची, संशयास्पद धूड वेगळं करून पुरायचं, निर्धोक धूड ठरलेल्या कुंपणाच्या जागीच न्यायचं आणि ते सकाळी पोचवायचं. मालकाला कळवल्याबद्दल वाहतुकीचा खर्च मिळाला तर तो ओढ्याकाठी टाकायला जाणार नाही. हा खर्च मोठा वाटत असेल तर शेजारी रेबीजच्या लशींवर आणि कुत्रं चावलेल्यांच्या उपचारांवर होणारा खर्च मांडून पाहावा.

हे सुरू कधी करायचं, यालाही पक्ष्यांचं वेळापत्रक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास अंडं घातलं जातं आणि पिल्लू उडायला एप्रिल-मे उजाडतो. या सहा-सात महिन्यांत दोघांपैकी एक पालक घरट्यावर आणि एक अन्नाच्या शोधात असतो. शोधायला गेलेला परतला नाही तर पिल्लूही जातं. म्हणून पहिल्या वर्षी सगळं करणं जमणार नसेल, तर निदान दिवाळीपासून मेअखेरपर्यंत, नाशिक आणि रायगडच्या घरट्यांकडून येणाऱ्या वाटांवर, औषध तपासलेलं धूड सकाळच्या उन्हात नियमित ठेवलं जाईल एवढं तरी करावं. वर फिरणाऱ्याला ते दोन-तीनदा सापडलं, की पुढचे पक्षी त्याला पाहून येतील.